गुरुवारचं ऊन आणि तेवीस नंबर

पिंपरी-चिंचवडच्या बऱ्याच कारखान्यांना सुट्टी गुरुवारी, म्हणून महावितरणची देखभाल-दुरुस्तीही गुरुवारी. यंत्रांना वीज लागत नाही म्हणून तोच दिवस सोयीचा. त्या दिवशी यंत्र चालवणारा माणूस घरी पंख्याखाली आडवा झालेला असतो, हे वेळापत्रकात कुठं बसवायचं?

गच्चीवर सोलर बसवलं की गुरुवार सुटतो अशी समजूत आमच्या मोशीत अजून आहे. ती पहिल्या गुरुवारी मोडते. ऑन-ग्रिड इन्व्हर्टर महावितरणची वीज गेली की स्वतःही बंद पडतो. नाहीतर तुमच्या गच्चीवरची वीज तारेत शिरून खांबावर चढलेल्या लाइनमनला झटका द्यायची. नियम योग्यच आहे. पण डोक्यावर लख्ख ऊन, गच्चीवर तीन किलोवॅटची पॅनेलं आणि खाली घरमालक वर्तमानपत्रानं वारा घेतोय, हे दृश्य पाहून हसू येतंच. 2024 साली आलेल्या सूर्यघर योजनेतलं 78 हजारांपर्यंतचं अनुदानही ऑन-ग्रिडलाच. आम्ही त्यावर पाणी सोडलं आणि बॅटऱ्यांसकट ऑफ-ग्रिड इन्व्हर्टर बसवला. खिसा रिकामा झाला, पण गुरुवार आपला झाला.

पाण्याच्या दिवसाचा विचार मात्र राहिला होता. 2019 च्या नोव्हेंबरपासून महापालिका आम्हाला दिवसाआड पाणी देते. पाणी आलं की घराला कंपनीच्या शिफ्टची कळा येते. टाकीची मोटर सुरू, वॉशिंग मशिन सुरू, पाणी आहे तोवर वाटण करून घ्यावं म्हणून मिक्सर सुरू, आणि कुणीतरी तेवढ्यात इस्त्री लावतंच. एक अश्वशक्तीची मोटर चालताना साडेसातशे वॅट म्हणजे गरीब गाय. पण सुरू होताना त्याच्या कितीतरी पट ओढते. इन्व्हर्टर अर्ध्या सेकंदाला एक पिप् अशी ओरड सुरू करतो, पडद्यावर 07 लुकलुकतो, आणि थोड्याच वेळात सगळं ठप्प. महावितरणची तार शेजारीच जोडलेली, तिच्यात वीज खेळतेय, आणि घर अंधारात!

आमच्या पट्ट्याचं एक सुख आहे. काहीही बिघडलं तरी दोन घरांच्या आत मेंटेनन्सचा माणूस सापडतो. आमच्या शेजारचे काका टेल्कोतून निवृत्त झाले. कंपनीचं नाव 2003 मध्येच टाटा मोटर्स झालं, पण काकांनी ते मनावर घेतलेलं नाही.

“काका, लाइट आहे, जोडलेली आहे, मग हा घेत का नाही?”

“त्याला घे म्हणून कुणी सांगितलंय का? पुस्तिका काढ. तेवीस नंबर बघ.”

पुस्तिका वरण्याच्या डब्यामागं निघाली. तैवानी घराण्यातले, नाना नावांनी विकले जाणारे हे इन्व्हर्टर. त्यांच्या सेटिंगच्या यादीत तेवीस नंबरला ओव्हरलोड बायपास असतो आणि आमच्यात तो बंदच होता. बटण दाबून धरायचं, बाणानं तेवीसपर्यंत जायचं, ‘बीवायडी’चं ‘बीवायई’ करायचं, एंटर. काकांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि म्हणाले, “आता लाव मोटर.” मोटर लागली, मिक्सर लागला, आतून रिले टक् करून वाजला आणि ओरड थांबली.

जास्तीचा भार महावितरणकडे गेला, असं आम्ही चारचौघांत सांगतो. खरं तसं नसतं. या जातीचं यंत्र भार वाटून घेत नाही. झेपेनासं झालं की अख्खं घरच महावितरणच्या अंगावर टाकतं, मानी सासऱ्यानं एका भांडणात सगळा कारभार सुनेच्या हाती द्यावा तसं. नवी काही मॉडेल्स सूर्याची वीज आणि तारेतली वीज एकत्र वापरतात. ती समजूतदार म्हणायची, आणि महागही.

वाटून घेण्याचा हा प्रश्न आमच्या भागाला नवा नाही. 2006 साली भारनियमनानं पुणं हैराण होतं, तेव्हा सीआयआय या उद्योगसंघटनेच्या पुढाकारानं आणि वीज नियामक आयोगाच्या मंजुरीनं इथल्या कारखान्यांनी टंचाईच्या तासांत आपापले जनरेटर चालवले. ग्रिडवरची तेवढी वीज शहराला मिळाली, आणि महागड्या डिझेलचा फरक वीजबिलातल्या जादा आकारातून भरून निघाला. तेवीस नंबर उलट्या बाजूनं लावलेला, एवढाच फरक. आमच्या घरात इन्व्हर्टर दमला की ग्रिड धावतं. तेव्हा ग्रिड दमलं होतं आणि कारखाने धावले. काकांना त्या जनरेटरचा आवाज अजून आठवतो, त्यावर ते अर्धा तास बोलू शकतात आणि बोलतातही.

तुमच्याकडे असा इन्व्हर्टर असेल तर बायपास चालू करण्याआधी वायरमनला बोलवा, कारण सगळं घर त्याच तारेतून आणि त्याच एमसीबीतून जाणार आहे. मंजूर भारही बिलावर पाहून ठेवा. आणि गीझर कृपा करून इन्व्हर्टरवर टाकू नका. दोन किलोवॅटचा तो पाहुणा थेट महावितरणकडेच उतरलेला बरा.