छत्तीस गुण जुळूनही

डब्ल्यूएसडीएल फाइल म्हणजे वेब सेवेची एक्सएमएलमधली पत्रिका: क्रिया, संदेश, पत्ता, सगळे त्यात. ती साधनाला दिली की क्लायंटचा कोड आपोआप तयार होतो, अशी पुस्तकी समजूत आहे. पण २००१ साली वेबची प्रमाणे ठरवणाऱ्या डब्ल्यू३सी या संस्थेकडे आलेल्या तिच्या १.१ आवृत्तीने संदेश बांधायच्या इतक्या वाटा मोकळ्या ठेवल्या की ज्याने त्याने आपली धरली. जुन्या ॲक्सिस या साधनाची, ‘आरपीसी/एनकोडेड’ वाटेने बांधलेली फाइल जावाच्या डब्ल्यूएसइम्पोर्ट या साधनापुढे ठेवली, तर ते सरळ हात वर करते. प्रमाण मात्र दोघांचेही एकच. हा घोळ निस्तरायला डब्ल्यूएस-आय ही संस्था निघाली आणि तिच्या ‘बेसिक प्रोफाइल’ या नियमावलीने ती एनकोडेड वाट बंद केली. म्हणजे प्रमाण कसे पाळावे याचेही प्रमाण झाले. २००७ साली डब्ल्यूएसडीएलची सुधारित २.० आवृत्ती आली. बहुतेक साधनांनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही.