हंगाम चाळीस मिनिटांचा

छोट्या कॉलेजच्या बास्केटबॉल संघाचा हंगाम मुंबईत किती महिने चालतो?

महिने सोडा, मिनिटं मोजा. चाळीस.

दहा-दहा मिनिटांची चार सत्रं, विश्रांती आणि टाइमआउट धरून फार तर दीड तास. पहिल्या फेरीत हरलात की वर्ष संपलं. कॉलेज उघडल्यावर निवड चाचणी, मग पावसातून वाट काढत केलेला सराव, आणि एका सकाळीत सगळ्याचा निकाल. तिसऱ्या वर्षाला असलेल्या पोराचं तर कॉलेजचं खेळणंच संपलं.

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा प्रामुख्याने बाद पद्धतीने होतात, त्याचा हा परिणाम. मुंबई विद्यापीठाशी आठशेहून अधिक कॉलेजं संलग्न आहेत. विभाग पाडले तरी गर्दी राहतेच. कोर्टं कमी, दिवस कमी, वर ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या परीक्षा. म्हणून बाद पद्धत. पटलं कारण?

मला नाही पटलं.

३२ संघ धरा. बाद पद्धतीत सामने ३१. त्यात १६ संघ, म्हणजे बरोबर निम्मे, एकेक सामना खेळून घरी. आता त्याच ३२ संघांचे चार-चारांचे आठ गट पाडा. गटसाखळीचे सामने ४८. मग आठ गटविजेत्यांची बाद फेरी, तिचे ७. एकूण ५५. प्रत्येक संघाला किमान ३ सामने. जादा सामने किती? २४. एका कोर्टवर दिवसाला सहा सामने आरामात होतात.

म्हणजे चार दिवस.

चार दिवस वाचवण्यासाठी निम्म्या संघांचं वर्ष बुडवायचं, हा कुठला हिशेब?

दोन कोर्टं मिळाली तर दोनच दिवस. मुंबईत दोन कोर्टं मिळत नाहीत, असं कुणी म्हणत असेल तर त्याने एकदा नागपाड्याला जाऊन यावं. तिथे आपण थोड्या वेळाने जाणारच आहोत.

आधी भाग्यपत्रिका बघू. मानांकित संघ वेगवेगळ्या कप्प्यांत बसवतात, कारण बलवानांची आपसातली गाठ उशिरा पडावी. योग्यच आहे, जगभर असंच करतात. पण मग बलवानांची गाठ लवकर कुणाशी पडते? ज्यांना मानांकन नाही त्यांच्याशी. ज्यांच्याकडे पूर्णवेळ प्रशिक्षक नाही, ज्यांचे सहा-सात खेळाडू जेमतेम जमले आहेत, ज्यांच्यातले दोघे शाळेत कबड्डी खेळायचे, त्यांच्याशी. पोहायला शिकणाऱ्याला पहिल्याच दिवशी खोल पाण्यात ढकलायचं आणि गटांगळी खाल्ली की वहीतून नाव खोडायचं, तसं हे आहे.

आंतरविद्यापीठ पातळीवर तर रीत आणखी उलटी. तिथे ‘बाद आणि साखळी’ असा जोड असतो. आधी बाद फेऱ्या, आणि शेवटी उरलेल्या चार संघांना साखळी. म्हणजे ज्यांना जादा सामन्यांची सर्वांत कमी गरज, त्यांना जादा सामने.

अमेरिकेत छोट्या कॉलेजांचं काय चालतं? तिथे कॉलेजांच्या खेळांची संघटना असलेल्या एनसीएएचा तिसरा विभाग आहे. चारशेहून अधिक कॉलेजं. खेळासाठी शिष्यवृत्ती शून्य, म्हणजे पोरं फी भरून शिकतात आणि उरलेल्या वेळात खेळतात. आपल्यासारखीच. फरक एवढाच की पुरुषांच्या संघाला नियमित हंगामात २५पर्यंत सामने खेळता येतात. हंगाम नोव्हेंबरात सुरू होतो आणि सुरुवातीचे निकाल वेडेवाकडे लागतात. लागू देत! हंगामाची सुरुवात त्यासाठीच तर असते.

अशाच एका नोव्हेंबरातला निकाल सांगतो. २० नोव्हेंबर २०१२, आयोवा राज्य. ग्रिनेल कॉलेज १७९, फेथ बॅप्टिस्ट बायबल कॉलेज १०४. ग्रिनेलच्या जॅक टेलर नावाच्या पोराने एकट्याने १३८ गुण केले. त्याने १०८ वेळा चेंडू बास्केटकडे टाकला, ५२ वेळा आत गेला. त्यात थ्री पॉइंटरचे प्रयत्न ७१, यशस्वी २७. जगभर बातमी झाली.

मला तो सामना फारसा आवडत नाही. चार जणांनी चेंडू पुरवायचा आणि एकाने टाकायचा, याला मी संघ म्हणत नाही. पण त्यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. त्याआधीच्या दोन सामन्यांत टेलरचा नेम लागत नव्हता. त्याला सूर सापडावा म्हणून प्रशिक्षकांनी त्याच्याकडेच चेंडू द्यायचा ठरवलं.

आपल्याकडे त्याला तिसरा सामना मिळालाच नसता.

दुसरा निकाल त्याहून मोठा. २३ डिसेंबर १९८२, होनोलुलू. चॅमिनाड हे आठशे-एक विद्यार्थ्यांचं कॉलेज. समोर व्हर्जिनिया विद्यापीठ, देशात पहिल्या क्रमांकावर, तोवर अपराजित, संघात सात फूट चार इंचांचा राल्फ सॅम्पसन. चॅमिनाड ७७, व्हर्जिनिया ७२. अमेरिकी कॉलेज बास्केटबॉलमधला सर्वांत मोठा धक्का कोणता, हा विषय निघाला की आजही हे नाव पहिलं येतं. आणि हेच चॅमिनाड त्याआधी वेलँड बॅप्टिस्ट नावाच्या कॉलेजकडून हरलं होतं.

बाद पद्धत असती तर व्हर्जिनियासमोर ते उभेच राहिले नसते.

तंत्रही असंच, सामने खेळता खेळता सापडतं. विवेक रणदिवे आठवतात? जुहूत वाढलेले, २०१३पासून सॅक्रामेंटो किंग्जचे प्रमुख मालक. स्वतः कधी बास्केटबॉल खेळले नव्हते. कॅलिफोर्नियात मुलीच्या शाळकरी वयाच्या संघाचे प्रशिक्षक झाले, तेव्हा त्यांना एक गोष्ट खटकली. बास्केट झाला की तो करणारा संघ निमूट मागे पळतो आणि समोरच्यांना अर्धं मैदान फुकट देतो. त्यांनी आपल्या मुलींना पूर्ण मैदानभर दाबून धरायला शिकवलं. चेंडू आत टाकायलाच द्यायचा नाही. उंची कमी, नेमबाजी कच्ची, तरी संघ राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत गेला. लेखक माल्कम ग्लॅडवेलने यावर लेख लिहिला आणि गोष्ट जगभर पोचली.

कमी उंचीच्या, चपळ पोरांच्या संघाने याहून वेगळं काय करायचं? आपल्या पोरांचे पाय काटक असतात, लोकलमध्ये चढताना ते रोज सिद्ध होतं. पण पूर्ण मैदानाचा दाब एका सामन्यात बसत नाही. पहिल्या सामन्यात फाउल फार होतात, दुसऱ्यात दम लागतो, तिसऱ्यात कुठे पाचही जण एका वेळी हलतात. तेवढ्यात आपला संघ घरी पोचलेला असतो.

ऑक्टोबर २०१९मध्ये हेच रणदिवे आपला संघ घेऊन वरळीला आले. हंगामपूर्व सामने, इंडियाना पेसर्सविरुद्ध. पहिला पेसर्सने जादा वेळेत १३२-१३१ असा जिंकला, दुसरा १३०-१०६. पहिल्या सामन्याला हजारो शाळकरी मुलं होती. किंग्ज दोन्ही हरले. त्यांच्यापुढे अजून ८२ सामन्यांचा हंगाम शिल्लक होता.

टाळ्या वाजवणाऱ्या मुलांपैकी जी पुढे छोट्या कॉलेजांत गेली, त्यांच्यापुढे किती होते?

आता नागपाडा. १९२०च्या दशकात अमेरिकन मराठी मिशनच्या क्लिफर्ड मॅन्शार्टनी तिथे नेबरहूड हाऊस उभं केलं. शेजारी मस्तान तलावाचं वायएमसीए मैदान. त्या दाटीवाटीच्या गल्ल्यांनी देशाला खेळाडू दिले. भारताचे कर्णधार झालेले, १९७०चा अर्जुन पुरस्कार मिळालेले अब्बास मुंतसिर तिथलेच. नागपाड्याला खास वेगळं पाणी नाही आणि तिथली माणसं सात फुटी नाहीत. तिथे संध्याकाळ झाली की सामना असायचा. रोज. हरलेला दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचा.

खेळाडू असा घडतो. दुसरा मार्ग मला दिसलेला नाही.

आता जिथे असं रोज खेळणं जमत नाही, ते माहुल.

चेंबूरच्या पलीकडे, खाडीच्या काठाला कोळ्यांचं जुनं गाव. १९५०च्या दशकाच्या मध्यात दोन तेलशुद्धीकरण कारखाने इथे आले. एक आज हिंदुस्थान पेट्रोलियमचा, दुसरा भारत पेट्रोलियमचा. पुढे तानसा जलवाहिनीलगतची घरं पाडली आणि तिथल्या कुटुंबांना याच टाक्यांच्या आणि चिमण्यांच्या शेजारच्या इमारतींत आणून ठेवलं. घाटकोपर-विद्याविहारची पोरं एका रात्रीत माहुलची झाली. शाळा तिकडे, कॉलेज तिकडे, मित्र तिकडे, घर इकडे.

इथल्या हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्याला धोका आहे, हे राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१५मध्येच म्हटलं होतं. एप्रिल २०१९मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आदेश दिला: माहुल सोडू पाहणाऱ्या कुटुंबांना दुसरीकडे घर द्या, नाहीतर दरमहा १५,००० रुपये भाडं द्या. न्यायालय ज्या हवेत माणसाला राहायला लावत नाही, त्या हवेत पोराने रोज तासभर धावावं, अशी अपेक्षा कुणी करायची?

बास्केटबॉल हा दमाचा खेळ आहे. २८ मीटर लांबीचं मैदान, चाळीस मिनिटं मागे-पुढे, मागे-पुढे. माहुलच्या पोराला सराव कॉलेजच्या कोर्टवरच करायला हवा, आणि ते कोर्ट त्याला संध्याकाळी हवं. पण शेवटचा तास संपला की फाटक बंद. सुरक्षारक्षक शिट्टी वाजवतो, दिवे जातात. जिमखान्याची फी मात्र प्रवेशाच्या दिवशीच घेतलेली असते.

फी पूर्ण वर्षाची. मग दिवे का नाही?

आणखी एक साखळी बघा. तेल कंपन्या खेळाडूंना नोकऱ्या देतात, ओएनजीसीचा बास्केटबॉल संघ देशात नावाजलेला आहे. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. म्हणजे चिमणीच्या सावलीत वाढलेल्या पोराला खेळातून नोकरीची वाट आहे. मात्र त्यासाठी वरच्या पातळीचं प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी आधी विद्यापीठाच्या संघात यावं लागतं. संघात तो येतो ज्याचा खेळ निवड समितीतल्या कुणीतरी पाहिलेला असतो. आणि एका सामन्यात, तोही तीस गुणांनी हरत असताना, कुणाचा काय खेळ दिसणार?

प्रश्न फक्त करंडकाचा असता तर मी इतकं लिहिलं नसतं. घरातल्या पहिल्या पगाराचा आहे.

आणि निकालांचं काय? ग्रिनेलच्या त्या सामन्यात हरलेल्या संघातल्या डेव्हिड लार्सनने ७० गुण केले होते. मला हे तेरा हजार किलोमीटरवर बसून माहीत आहे. कारण तिथे टेबलावर बसलेल्या कुणीतरी प्रत्येक चेंडू लिहून ठेवला. बास्केटबॉलचा अगदी पहिला सामनाही असाच टिकला. डिसेंबर १८९१, स्प्रिंगफील्ड, जेम्स नेस्मिथ सरांच्या वर्गातले अठरा विद्यार्थी, नऊ-नऊ जणांचे दोन संघ, गॅलरीच्या कठड्याला पीचच्या टोपल्या. निकाल १-०. एकमेव गुण करणारा विल्यम चेज. सव्वाशेहून अधिक वर्षं झाली, नाव शाबूत आहे.

आपल्याकडे गेल्या हंगामातल्या पहिल्या फेरीत चेंबूरच्या कुठल्या पोराने किती गुण केले, हे शोधून दाखवा. स्कोअरशीट भरली जाते. विजेत्याचं नाव पुढच्या कप्प्यात जातं. मग कागद कुठे जातो? हरलेल्या संघाकडे मोबाइलमधला एक धूसर फोटो उरतो आणि पुढच्या वर्षीच्या कर्णधाराला गेल्या वर्षी आपण कुठे कमी पडलो हेही कळत नाही. प्रत्येक संघ दरवर्षी शून्यापासून सुरू.

कागदाचा फोटो काढून विद्यापीठाच्या संकेतस्थळावर टाकायला किती खर्च येतो?

गटसाखळी करायची तर विद्यापीठाचं परिपत्रक लागेल, समिती बसेल, वर्ष जाईल. ते जाऊ दे, मागणी करत राहू. तोवर पूर्व उपनगरातल्या कॉलेजांनी कुणाची वाट बघायची? चेंबूर, गोवंडी, विद्याविहार, घाटकोपर, मुलुंड. या पट्ट्यातली सहा छोटी कॉलेजं एकत्र आली तर साखळीचे सामने होतात १५. प्रत्येकाला ५. दिवसाला पाच सामने धरले तर तीन रविवार. एक कोर्ट, शिट्टीला दोन माजी खेळाडू, टेबलावर नीट अक्षराचा एक विद्यार्थी, आणि माहुल-गोवंडीच्या पोरांना बसचं भाडं. विद्यापीठाची पहिली फेरी येईल तेव्हा या सहाही संघांच्या पायांत पाच सामने असतील. मग समोरच्या मानांकित संघाला चेंडू आत टाकायला किती वेळ लागतो, ते बघू.

सहा जिमखाना प्रमुखांनी एकमेकांना फोन करायचा आहे, एवढंच. पाऊस ओसरल्यावरचा पहिला रविवार चालेल का, सर?