पाहुणे आत, खलाशी डेकवर

डिसेंबर २००८. ‘कोलंबस’ ही जर्मन क्रूझ लाल समुद्रातून एडनच्या आखाताकडे चालली होती. पुढे सोमाली चाच्यांचा सुळसुळाट. युद्धनौकेची सोबत द्यायला जर्मन सरकारने नकार दिला, तेव्हा कंपनीने वेगळा मार्ग काढला. येमेनच्या होदेदा बंदरात २४६ प्रवाशांना उतरवायचे, विमानाने दुबईला न्यायचे आणि तीन दिवस पंचतारांकित हॉटेलात ठेवायचे. कर्मचाऱ्यांपैकीही बरेचसे उतरवायचे. बोट चालवायला लागतात तेवढे लोक मात्र बोटीवरच राहणार. धोक्याचे पाणी ओलांडून त्यांनी बोट ओमानच्या सलालाह बंदरात आणायची आणि प्रवाशांनी तिथे पुन्हा चढायचे, असा तो बेत होता.

प्रवाशांना उतरवले, हे योग्यच झाले. माझा प्रश्न बोटीवर राहिलेल्यांचा आहे. अशा वेळी ‘मी येत नाही’ म्हणायची मुभा खलाशाला असते का? तसे म्हटल्यावर त्याची नोकरी टिकते का? हा प्रश्न त्या एका बोटीपुरता नाही आणि तो आपल्यापासून दूरचाही नाही. गोव्यात तारवटींच्या, म्हणजे दर्यावर्दींच्या, पिढ्यान्‌पिढ्या बोटीवर गेल्या. रत्नागिरी-सिंधुदुर्गातली, वसईतली, मुंबईतली पोरे आज क्रूझवर रूम स्टुअर्ड आहेत, गॅलीत आहेत, लाँड्रीत आहेत, डेकवर आहेत. ‘मुलगा बोटीवर असतो’ हे आपण अभिमानाने सांगतो. ती बोट कोणत्या पाण्यातून जाते, हे आपण विचारत नाही.

धोक्याच्या पाण्यात बोटीवरचे जगणे कसे बदलते, ते आधी पाहा. २०१७ मध्ये ‘सी प्रिन्सेस’ सिडनीहून दुबईकडे जात असताना हिंदी महासागरात दहा रात्री जवळजवळ काळोखात चालली. सूर्य मावळला की डेकवरचे दिवे मंद. केबिनचे पडदे ओढलेले. उघड्यावरचा सिनेमा बंद, डेकवरच्या पार्ट्या बंद. चाचे आलेच तर काय करायचे, याची तालीम प्रवाशांकडून करून घेतली.

ती तालीम अशी असते. स्पीकरवरून इशारा झाला की प्रवाशाने बाल्कनीचे दार लावायचे, केबिनबाहेर यायचे, केबिनचे दारही मागे ओढून घ्यायचे आणि कॉरिडॉरमध्ये जमिनीवर बसायचे. बाहेरून गोळी आलीच तर तिच्या आणि माणसाच्या मध्ये दोन दारे राहतात. काचेपासून लांब राहायचे आणि भिंतीवरचा कठडा धरून ठेवायचा, कारण चाच्यांना बाजूला लागू द्यायचे नसेल तर कप्तान बोट गरकन वळवणार. या वेळी स्टुअर्ड काय करतो? तो आपल्या वाट्याच्या केबिनी एकेक करून ठोठावतो. ज्यांना ऐकू कमी येते त्यांना हात धरून बाहेर आणतो. व्हीलचेअर वळवतो. न्हाणीघरात कोणी अडकलेले नाही ना, हे बघतो. सगळे बसले की मग त्याच्या बसण्याची वेळ येते.

हे झाले आतले. बाहेर प्रोमेनाड डेकवर आग विझवायच्या पाण्याचे होस आधीच जोडून, दाब देऊन तयार ठेवलेले असतात. ब्रिजच्या दोन्ही बाजूंना कानठळ्या बसवणारे ध्वनियंत्र असते. मागच्या टोकाला रात्रीच्या दुर्बिणी घेऊन माणसे उभी असतात, कारण चाच्यांच्या लहान होड्या बहुतेक वेळा मागून येतात. ही जादा पाळी करणारा डेकवरचा माणूस दिवसाही राबतच असतो. खलाशाने २४ तासांत १४ तासांहून आणि आठवड्यात ७२ तासांहून जास्त काम करू नये, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. संकटात कप्तान तो बाजूला ठेवू शकतो, पण नंतर तेवढी विश्रांती भरून द्यावी लागते. दहा रात्रींच्या पहाऱ्याची भरपाई खरोखर होते का, हे कोणी तरी कागद काढून तपासले पाहिजे.

आता ५ नोव्हेंबर २००५ ची पहाट घ्या. ‘सीबोर्न स्पिरिट’ सोमालियाच्या किनाऱ्यापासून दीडएकशे किलोमीटरवर होती. प्रवासी झोपेत. दोन होड्यांतून मशीनगनचा आणि रॉकेटचा मारा सुरू झाला. बोटीवर बंदूकधारी पथक नव्हते. सोमबहादूर गुरुंग हा माजी गुरखा सैनिक आणि मायकेल ग्रोव्ह्ज, हे दोघे बोटीचे सुरक्षा कर्मचारी बाहेर आले. हातात होस आणि ते ध्वनियंत्र. गुरुंगला स्फोटाचे तुकडे लागून तो पडला. ग्रोव्ह्जने त्याला आडोशाला ओढले आणि ध्वनियंत्राचा मारा चालूच ठेवला. कप्तानाने वेग वाढवला, बोट वळवली आणि चाचे मागे पडले. २००७ मध्ये ब्रिटनच्या राणीने दोघांच्या शौर्याचा गौरव केला. गौरव झाला, छानच झाले. पण रॉकेट लाँचरपुढे पाण्याची नळी देऊन माणसे उभी करावी लागली, ही त्या बोटीच्या मालकांना लाज वाटावी अशी गोष्ट होती.

पुढे २००८ च्या नोव्हेंबरअखेरीस एडनच्या आखातात ‘नॉटिका’वर गोळीबार झाला, ती वेगाच्या जोरावर निसटली. एप्रिल २००९ मध्ये सेशेल्सच्या उत्तरेला ‘एमएससी मेलडी’वर चाचे चढू लागले, तेव्हा प्रवाशांनी डेकवरच्या खुर्च्या-टेबले खाली फेकली आणि सुरक्षारक्षकांनी पिस्तुले झाडली. प्रवाशांनी भरलेली एकही मोठी क्रूझ सोमाली चाच्यांच्या हाती लागली नाही, असे कंपन्या सांगतात. ते खरे आहे. क्रूझ उंच असते, वेगाने जाते. १८ नॉट किंवा त्याहून जास्त वेगाच्या जहाजावर चाचे चढल्याची नोंद नाही, असे जहाजांसाठीच्या त्या काळच्या मार्गदर्शक पुस्तिकेतच छापलेले होते.

पण एप्रिल २००८ मध्ये ‘ल पोनाँ’ पकडली गेलीच. फ्रेंच कंपनीची ही तीन डोलकाठ्यांची आलिशान क्रूझ सेशेल्सहून भूमध्य समुद्राकडे चालली होती. तिच्यावर एकही प्रवासी नव्हता. फक्त तीस कर्मचारी. आठवडाभर ते चाच्यांच्या ताब्यात होते, खंडणी दिल्यावर सुटले. क्रूझच्या धंद्यातली ही फेरी नेहमीची आहे. हंगाम संपला की बोट एका समुद्रातून दुसऱ्या समुद्रात हलवायची, आणि मधला पट्टा धोक्याचा असेल तर प्रवासी चढवायचेच नाहीत. तिकीट विकले नाही की जोखीमही नाही, असा हिशेब. अशा मोठ्या रिकाम्या बोटींत शेकडो माणसे काम करत असतात, ती या हिशेबात कुठे धरली आहेत?

नोव्हेंबर २०२३ मध्ये येमेनच्या हूती बंडखोरांनी लाल समुद्रात ‘गॅलेक्सी लीडर’ हे मोटारवाहू जहाज हेलिकॉप्टर उतरवून पकडले. त्यानंतर क्रूझ कंपन्यांनी सुएझचा रस्ता सोडून आफ्रिकेला वळसा घालायला सुरुवात केली. कित्येक दिवसांची भर, इंधनाचा खर्च, रद्द झालेल्या सफरी, हे सगळे त्यांनी सोसले. याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. मोठा वळसा परवडतो, हे त्यातून सिद्ध झाले. मग इथून पुढे ‘पर्याय नव्हता’ हे उत्तर कोणी देऊ नये.

पकडले गेल्यावर काय होते, ते मालवाहू जहाजांवरच्या आपल्या माणसांनी भोगले आहे. ‘अस्फाल्ट व्हेंचर’ सप्टेंबर २०१० मध्ये पकडले गेले. २०११ च्या एप्रिलमध्ये खंडणी पोहोचली, जहाज सुटले. सात भारतीयांना मात्र चाच्यांनी ठेवून घेतले, कारण आपल्या नौदलाने त्यांचे साथीदार पकडले होते. ते सात जण घरी परतले ऑक्टोबर २०१४ नंतर. चार वर्षे! ‘गॅलेक्सी लीडर’चे २५ खलाशी चौदा महिन्यांनी, जानेवारी २०२५ मध्ये सुटले.

बंदीवासातल्या खलाशाचा पगार चालू राहिला पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय नियम डिसेंबर २०२० पासून लागू आहे. चांगला नियम आहे, पण त्यात एक भोक आहे. चाचेगिरीची त्यातली व्याख्या सागरी कायद्याच्या करारातून घेतली आहे आणि ती ‘खासगी हेतूने’ केलेल्या कृत्यापुरती आहे. एखाद्या गटाने राजकीय कारण सांगून जहाज धरले तर ती चाचेगिरी की नाही, यावर कंपनीचे वकील वाद घालू शकतात. घरी हप्ते थांबलेले असताना खलाशाच्या बायकोने हा वाद ऐकत बसायचा का? ‘कोणीही, कोणत्याही कारणाने डांबून ठेवले’ एवढे शब्द नियमात घालायला हवेत.

धोक्याचा नकाशा आखणाऱ्यांनी आपल्या किनाऱ्यालाही सोडले नव्हते. २०१० मध्ये चाचेगिरीसाठी आखलेले अतिधोक्याचे क्षेत्र पूर्वेकडे ७८ अंश रेखांशापर्यंत वाढवले गेले. मुंबई, गोवा, कोची, सगळा पश्चिम किनारा त्यात आला. सशस्त्र पहारा घेतलेली जहाजे आपल्या मच्छीमारांच्या वाटेत येऊ लागली. १५ फेब्रुवारी २०१२ रोजी ‘एनरिका लेक्सी’ या इटालियन टँकरवरच्या नौसैनिकांनी केरळच्या किनाऱ्याजवळ दोन भारतीय मच्छीमारांना चाचे समजून ठार केले. भारताने पाठपुरावा केल्यावर ती रेषा डिसेंबर २०१५ पासून ६५ अंशांवर मागे गेली. जहाजावरच्यांची भीती खरी असते. म्हणून होडीतल्या माणसाचा जीव स्वस्त होत नाही.

आपल्या नौदलाची कामगिरी निर्विवाद आहे. ऑक्टोबर २००८ पासून एडनच्या आखातात त्याची गस्त आहे. जानेवारी २०२४ मध्ये चाच्यांनी गाठलेल्या ‘लीला नॉरफोक’ या मालवाहू जहाजावरच्या २१ जणांची सुटका झाली, त्यांत १५ भारतीय होते. त्याच वर्षी मार्चमध्ये ‘आयएनएस कोलकाता’ने ‘रुएन’ या पळवलेल्या जहाजावरच्या ३५ चाच्यांना शरण यायला लावले आणि मुंबई पोलिसांच्या ताब्यात दिले. त्यांच्यावर खटला चालवायला २०२२ चा चाचेगिरीविरोधी कायदाही आता हाताशी आहे. नौदलाने आपले काम केले. बाकीच्यांचे काय?

‘नको’ म्हणायचा हक्क कागदावर अस्तित्वात आहे. खलाशांच्या संघटना आणि जहाजमालक यांच्यात वाटाघाटी करणाऱ्या इंटरनॅशनल बार्गेनिंग फोरमच्या करारांत युद्धसदृश क्षेत्राची कलमे आहेत. खलाशी तिथे जायला नकार देऊ शकतो, कंपनीने त्याला स्वखर्चाने घरी पाठवायचे. गेला तर मूळ पगाराइतका जादा भत्ता, आणि मृत्यू किंवा अपंगत्व आले तर दुप्पट भरपाई. पण हे त्या कराराखाली काम करणाऱ्यांनाच मिळते. क्रूझवरचा वेटर आणि स्टुअर्ड कोणत्या करारात आहे, त्यात हे कलम आहे का, हे सही करणाऱ्या पोराला बहुतेक वेळा माहीत नसते. खलाशांची भरती करणाऱ्या मॅनिंग एजंटच्या ऑफिसात इंग्रजीतले जाडजूड कॉन्ट्रॅक्ट समोर येते, मेडिकल झालेले असते, कोर्सेसचे पैसे कर्ज काढून भरलेले असतात. तो सही करतो. बोटीवर बहामाचा किंवा पनामाचा झेंडा असतो, आणि दाद मागायची म्हटली की कायदा त्या झेंड्याचा.

म्हणून चार गोष्टी व्हायला हव्यात, आणि त्या करवून घेण्याचे अधिकार असलेले डीजी शिपिंगचे (नौवहन महासंचालनालयाचे) कार्यालय मुंबईतच आहे. एक, खलाशी भरतीचा परवाना असलेल्या प्रत्येक एजंटने बोट कोणत्या धोक्याच्या पट्ट्यातून जाणार, हे सहीआधी खलाशाला त्याच्या भाषेत लेखी द्यावे. दोन, नकाराचा हक्क क्रूझवरच्या प्रत्येक कर्मचाऱ्याला मिळावा, इंजिनात असो की हाउसकीपिंगमध्ये, आणि नकार दिला म्हणून पुढचे कॉन्ट्रॅक्ट हुकू नये. तीन, धोक्याच्या दिवसांचा भत्ता टिपवर जगणाऱ्यालाही मिळावा. चार, घरच्यांसाठी एक फोन नंबर असावा आणि त्यावर उत्तर देणारा माणूस असावा. चार वर्षे वाट पाहिलेल्या कुटुंबांनंतरही हे मागावे लागते, याची खंत वाटते.

आणि एक काम आपले. महाराष्ट्रातले पर्यटक आता दुबईहून, सिंगापूरहून क्रूझवर जातात. बाल्कनीची केबिन मिळेल का, शाकाहारी जेवण मिळेल का, हे आपण बुकिंग करताना बारकाईने विचारतो. त्याच वेळी एक प्रश्न आणखी विचारा: बोट धोक्याच्या पाण्यातून जाणार असेल तर तुमच्या कर्मचाऱ्यांना नकार देता येतो का? पहिल्या दहा जणांना उत्तर मिळणार नाही. शंभर जणांनी विचारले, तर विकणाऱ्याला ते कंपनीकडून मागवून घ्यावे लागेल. गिऱ्हाइकाच्या प्रश्नाला धंदा उत्तर देतो. आपण गिऱ्हाईक आहोत, आणि डेकवर उभी असलेली पोरे आपली आहेत. प्रश्न विचारायचा पहिला हक्क आपला आहे.