गॅस बघितला का?

आमच्या आण्णांना निलंग्याहून लातूरला जाणारी ठरवलेली एसटी आजवर एकदाही मिळालेली नाही. पिशव्या भरून तयार, काकू ओसरीवर चपला घालून उभ्या, आणि आण्णा आत. आधी शेगडीची दोन्ही बटणं, मग रेग्युलेटर, मग मेन स्विच. मग देवघर. निरांजन सकाळीच शांत झालेलं असतं, तरी वातीला बोट लावून बघणार. "उंदीर पेटती वात ओढून नेतो, माहिताय का?" त्या घरात उंदीर कधी कुणी पाहिलेला नाही. मग कुलूप, कुलपाला तीन हिसके. कोपऱ्यापर्यंत गेलं की यांची पावलं मंदावतात.

"अगं, गॅस बघितला का?"

"तुम्हीच बघितला की आत्ता!"

"मी बघितला. तू बघितलास का?"

याला काय उत्तर देणार? किल्ली परत निघते.

आण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले. पडताळा घेतल्याशिवाय उत्तराखाली रेघ मारायची नाही, ही सवय तिथलीच. टाकी आली की चष्मा पुसून तिच्या गळ्याजवळच्या पट्टीवर रंगवलेलं अक्षर वाचतात. ए म्हणजे मार्च, बी जून, सी सप्टेंबर, डी डिसेंबर, पुढे साल. त्या मुदतीनंतर टाकीची पुन्हा तपासणी व्हायला हवी. टाकीवाला पोरगा आता हुशार झालाय. गाडी थांबवूनच ओरडतो, "काका, तुम्हीच निवडा!" मग टाकी जोडायची, आणि साबणाच्या पाण्यात आण्णांचा दाढीचा जुना ब्रश बुडवून जोडावर फिरवायचा. बुडबुडा आला तर गळती. मी लहानपणी त्यांच्या मांडीला मांडी लावून हा बुडबुडा बघायला बसत असे. तो कधीच आला नाही. माझी फार निराशा व्हायची, त्यांची थोडीशी.

उन्हाळ्यात कूलर सुरू झाला की रात्री उठून बोर्डाजवळ जातात आणि प्लगला उलटा हात लावतात, लेकराचा ताप बघावा तसा. "कोमट आहे," म्हणतात, आणि घामाने भिजलेल्या आम्हाला अर्धा तास तसंच झोपवतात. सकाळी निलंगा राईस खायला गाड्यावर नेतील, पण प्लेट हातात यायच्या आधी भांडण. गॅस संपत आला म्हणून गाडेवाल्याने टाकी आडवी केलेली असते. "उभी कर आधी! आडव्या टाकीतनं पातळ गॅस येतो नळीत!" तो बिचारा उभी करतो. आण्णा वळले की पुन्हा आडवी.

पुण्याच्या मुलाला फोन लावला की तब्येत, पगार, सूनबाई हे सगळं नंतर. "काय करूलालास? नळी बदललास का? पाच वर्षं झाली बघ." नळी कधीची आहे हे मुलाला ठाऊक नसतं, आण्णांच्या डायरीत तारीख असते.

1993 सालच्या 30 सप्टेंबरची पहाट. आदल्या दिवशी गणपती बोळवून दमलेली माणसं गाढ झोपलेली. 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला आणि निलंगाही गदगदा हललं. सगळे अंधारात रस्त्यावर. आण्णांनी घरातली डोकी मोजली, बरोबर भरली, आणि तसेच वळून पुन्हा आत! काकूंनी हंबरडा फोडला. "कुणी घाबरून काडी ओढली तर?" एवढंच म्हणत ते बाहेर आले तेव्हा हातात रेग्युलेटर होता. नुसता बंद करून समाधान झालं नव्हतं, काढूनच आणला होता. पुढे कित्येक रात्री सगळे पत्र्याखाली झोपत होते, आणि तो यांच्या उशाशी होता.

यंदा आषाढात मी मुक्कामाला होतो. आण्णांनी दूध तापत ठेवलं आणि तेवढ्यात शेजारच्या नव्या सूनबाई काही विचारायला आल्या. तिला ते सांगू लागले, की हा गॅस हवेपेक्षा जड, वर जात नाही, जमिनीलगत साचतो. याला मूळचा वास नसतो, वास मुद्दाम मिसळलेला असतो. ती भक्तिभावाने ऐकत होती. "वास आला तर काय करायचं?" तिनं विचारलं. आण्णांनी बोट वर केलं. तोवर तो आलेला होता.

दूध उतू जाऊन ज्योत विझली होती आणि बटण तसंच चालू. न्हाणीघरातून काकू आल्या. बटण फिरवलं, रेग्युलेटर बंद केला, दारं-खिडक्या सताड उघडल्या. मी दिवा लावायला बोर्डाकडे हात नेला तर फटकन मनगटावर चापट. "लावायचा नाही, बंदही करायचा नाही. ठिणगी पडते."

सगळं निवल्यावर आण्णा ओसरीवर येऊन बसले. बराच वेळ गप्प. मग हळूच म्हणाले, "बघितलंस? शिकवलेलं वाया जात नाही."

काकू काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मला स्टँडवर सोडायला दोघं निघाले. कुलूप लागलं, तीन हिसके बसले. कोपऱ्यावर काकूच थांबल्या.

"आहो, गॅस बघितला का?"

आण्णा किल्ली काढत मागं वळले. माझीही एसटी गेली.