क्रूझवरचं जेवण आणि पोशाख : रावेत व परिसरातील कामगार बंधुभगिनींसाठी सूचनावली

रावेत, किवळे, पुनावळे, ताथवडे इथल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाण्याचा टँकर आणि पाहुण्यांचं पार्किंग हे दोन नित्याचे विषय. त्यांत आता क्रूझची भर पडली आहे. कोणी मुंबई-गोवा करून येतं, कोणी सिंगापूरच्या सहलीत दोन रात्री बोटीवर काढतं, फोटो टाकतं आणि लगेच शंका सुरू होतात. रात्री जेवायला ब्लेझर लागतो का? पायात सँडल चालते का? जेवण तिकिटातच आहे ना? सहल कंपनीच्या मुलीला विचारायला लाज वाटते आणि मेव्हण्याला विचारलं तर तो जन्मभर ऐकवतो. सबब ही सूचनावली.

पवनेकाठच्या माणसाने समुद्राबद्दल का बोलावं, हा आक्षेप येणारच. पिंपरी-चिंचवडसाठी पाणी ज्या बंधाऱ्यावरून उचलतात तो रावेतचा, आणि 2019 च्या नोव्हेंबरात शहराला पाणी दिवसाआड सुरू झालं. डोळ्यांसमोर पाणी असून ते जपून वापरायची सवय असलेला माणूस जहाजावर राहायला सर्वांत लायक. (बोटीवर मात्र समुद्राच्या पाण्यापासून गोडं पाणी करतात आणि शॉवर केव्हाही चालतो. बाथरूममध्ये बादली आणि मग शोधत बसू नये.)

इतिहास थोडक्यात. मुंबई-गोवा बोट मराठी माणसाला नवी नाही. कोकण किनाऱ्याच्या आगबोटी हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ले करत जायच्या. बऱ्याच बंदरांत बोट धक्क्याला लागायचीच नाही. माणसं, ट्रंका आणि आंब्याच्या पेट्या पडावातून उतरवायचे. भोजनव्यवस्था ज्याच्या त्याच्या गाठोड्यात आणि पोशाखाचा नियम एकच, भिजला तरी चालेल असा. पुढे रस्ते झाले, एसटी झाली आणि त्या बोटी गेल्या. 2018 च्या ऑक्टोबरात ‘आंग्रिया’ नावाची बोट मुंबईहून गोव्याला निघाली, कान्होजी आंग्र्यांचं नाव मिरवत. 2021 च्या सप्टेंबरात कॉर्डेलिया कंपनीची ‘एम्प्रेस’ आली. फ्रान्समध्ये बांधलेली ही बोट 1990 साली ‘नॉर्डिक एम्प्रेस’ या नावाने सेवेत आली, तेव्हा रावेतमध्ये ऊस उभा होता.

आता मुद्द्याचं. क्रूझच्या माहितीपत्रकात सगळं असं लिहिलेलं असतं की वाचणाऱ्याला वाटावं, हे कुठल्यातरी लॉर्डच्या घराण्यात जन्मलेल्यांसाठीच आहे. प्रत्यक्षात चाकण, भोसरी किंवा पिंपरीच्या कारखान्यात ज्याने नोकरी केली त्याला बोटीवर नवीन काही शिकावं लागत नाही. बॅलार्ड पिअरला पोचल्यावर काय होतं? गेटवर बॅग तपासतात, फोटो काढतात, एक कार्ड देतात. ते गळ्यात अडकवायचं. त्याच कार्डाने खोली उघडते, त्यावरच खर्च चढतो, बोटीतून उतरताना-चढताना तेच पंच करायचं. कार्ड विसरलं की गेटवर थांबवतात आणि मागे रांग लागते. मग सगळ्यांना एका जागी गोळा करून लाइफ जॅकेट कसं घालायचं ते सांगतात. ही झाली मॉक ड्रिल, आणि ती जागा म्हणजे आपला असेंब्ली पॉइंट. सात छोटे भोंगे आणि एक लांब, असा धोक्याचा इशारा जगभर ठरलेला आहे. ज्याचं बालपण कंपनीच्या भोंग्यावर घड्याळ लावण्यात गेलं त्याने तो ऐकून घाबरू नये, फक्त बूट घालून निघावं. ड्रिल टाळून बारमध्ये बसणारे प्रवासी असतातच. कंपनीतही असतात, आणि दोन्हीकडे त्यांचं नाव लाउडस्पीकरवरून पुकारलं जातं.

जेवणाचंही तेच. मोठ्या परदेशी बोटींवर मुख्य भोजनगृहात दोन ‘सीटिंग’ असतात, पहिली संध्याकाळी साडेपाच-सहाला आणि दुसरी आठ-साडेआठला. या शब्दाला बिचकू नये; ही फर्स्ट शिफ्ट आणि सेकंड शिफ्ट आहे. टेबल ठरलेलं, वेटर ठरलेला, वेळ ठरलेली. पहिल्या सीटिंगला आजी-आजोबा, लहान मुलं आणि सूर्यास्ताआधी जेवणारे जैन यात्री. दुसरीला बाकीचे. पहिली सीटिंग मिळाली म्हणून मराठी माणूस खचतो, कारण सहा वाजता त्याला चहाबरोबर फरसाण हवं असतं आणि भूक नऊला लागते. त्याने शिफ्ट बदलून मागावी. पहिल्या दिवशी दुपारीच भोजनगृहाच्या व्यवस्थापकाला गाठलं तर बहुतेक काम होतं. शिफ्ट बदलून घेण्याची कला आम्ही इथे शिकवणार नाही. वाचकांपैकी अनेक जण तिचे गुरू आहेत.

मुख्य भोजनगृह आणि बुफे सहसा तिकिटात असतात. ‘एम्प्रेस’वर स्टारलाइट हे मोठं भोजनगृह आहे, फूड कोर्ट आहे, जैन जेवण मिळतं आणि चॉपस्टिक्स नावाचं आशियाई रेस्टॉरंट आहे, तिथे वेगळे पैसे पडतात. परदेशी बोटींवर अशा खास रेस्टॉरंटांची रांगच असते: स्टेक, सुशी, इटालियन. दारात मंद दिवा, आत मेणबत्ती आणि माणसं कमी असं दिसलं की समजावं, हे तिकिटात नाही. जिथे रांग, ताटांचा खडखडाट आणि मुलांचं रडणं आहे तिथे निर्धास्त शिरावं. मुख्य भोजनगृहात एक पदार्थ आवडला तर दुसऱ्यांदा मागता येतो, दोन मुख्य पदार्थही मागता येतात, आणि बऱ्याच बोटींवर त्याचे जास्तीचे पैसे लागत नाहीत. ही माहिती कळल्यापासून आमच्या परिचयातल्या एका गृहस्थांनी भोजनगृहात प्रवेश करताना पट्टा एक भोक सैल करायला सुरुवात केली आहे. पेयांचा मामला वेगळा. बुफेतलं पाणी, चहा, कॉफी फुकट. बाटली उघडली की कार्डावर चढलं. कित्येक परदेशी बोटींवर सेवेचं शुल्क रोज माणशी आपोआप लागतं. शेवटच्या सकाळी हे बिल पाहून ‘मी टिप दिलीच नाही’ म्हणून वाद घालणाऱ्यांमुळे उतरायची रांग लांबते.

बुफेच्या तोंडाशी हात धुवायला किंवा सॅनिटायझर लावायला सांगणारा कर्मचारी उभा असतो. कधी गाणंही म्हणतो. त्याला हसू नये. नोरोव्हायरस नावाचा जुलाब-उलट्यांचा विषाणू बंद जहाजावर झपाट्याने पसरतो. अमेरिकेत 1975 पासून जहाजांच्या स्वच्छतेची सरकारी तपासणी चालते, तपासनीस न सांगता येतात, शंभरपैकी गुण देतात आणि 85 किंवा त्याहून कमी आले तर जहाज नापास. ज्याने कस्टमर ऑडिटच्या आदल्या रात्री शॉप फ्लोअरवर पिवळे पट्टे रंगवले आहेत त्याला हे वेगळं समजवायला नको.

उपवासाची बाब नाजूक आहे. आहाराच्या फॉर्मवर शाकाहारी, व्हीगन, जैन, हलाल, कोशर, ग्लूटेन-फ्री असे चौकोन असतात. ‘उपवासाचं’ असा चौकोन आम्ही अजून पाहिला नाही. शाकाहारी माणूस बटाटा खातो आणि जैन खात नाही, एवढं शेफला नीट पाठ असतं. पण आज बटाटा चालेल, भात चालणार नाही, शेंगदाणे चालतील आणि मीठ सैंधवच हवं, हे इंग्रजीत सांगता सांगता जेवणाची वेळ संपते. उपाय सोपा. संकष्टीला फळं, दही, भाजलेला बटाटा एवढंच मागावं आणि कारण सांगू नये. उपवास सोडायचं त्याहून सोपं. रावेतच्या टॉवरांमधून चंद्र कॅलेंडरातल्या वेळेनंतर अर्ध्या-पाऊण तासाने दिसतो आणि तोही बी विंगच्या गच्चीवरून. समुद्रावर चंद्र क्षितिजावरूनच उगवतो, सगळ्यांना एकदम. मात्र कॅलेंडरातली वेळ मुंबईची किंवा पुण्याची असते. बोट मलाक्काच्या सामुद्रधुनीत असेल तर डोळ्यांवर विश्वास ठेवावा.

घरचं खाणं नेण्याबाबत: शेंगदाण्याची चटणी, मेथीचे लाडू, आजीच्या डब्यातली चकली यांना बहुतेक बोटींवर मज्जाव आहे. कारखान्यात पॅक केलेलं, सीलबंद असेल ते काही बोटी चालवून घेतात. चितळ्यांची बाकरवडी त्यामुळे अनेकदा वाचते, आईची वाचत नाही. इलेक्ट्रिक केटल आणि इस्त्री यांनाही केबिनमध्ये बंदी असते. कारण आग. जहाजावर आग लागली तर पळून जायला रस्ता नसतो, म्हणून हा नियम पाळण्यात कसूर नाही. केटल जप्त झाल्याचं दुःख अनेकांनी ग्रुपवर मांडलं आहे. मॅगीसाठी नेली होती हे कोणीच लिहिलेलं नाही.

इस्त्रीवरून पोशाखाकडे वळू. मुंबई-गोव्याच्या बोटीवर कोणी काळा कोट मागत नाही. नीट शर्ट, पँट, बंद बूट किंवा बरी सँडल, एवढ्यावर निभावतं. परदेशी बोटींत मात्र पंथ आहेत. नॉर्वेजियन कंपनीने 2000 च्या सुमारास औपचारिक रात्रीचं ओझंच उतरवलं. रॉयल कॅरिबियन एखाद्या रात्री नटून यायला सांगते आणि मुख्य भोजनगृहात पोहण्याचे कपडे नकोत म्हणते. सर्वांत कडक क्युनार्ड: संध्याकाळी सहानंतर नीटनेटकं आणि गाला रात्री पुरुषाला डिनर जॅकेट किंवा गडद सूट. मात्र त्याच नियमात औपचारिक राष्ट्रीय पोशाख चालेल अशी सोय आहे. या एका ओळीने समस्त मराठी पुरुषवर्गाचे पैसे वाचले आहेत. ज्याचा एकमेव ब्लेझर स्वतःच्या रिसेप्शनचा आहे आणि त्याचं बटण आता कुठल्याही वाटाघाटीने लागत नाही, त्याने निमूट जोधपुरी किंवा बंद गळ्याचा लांब कोट घ्यावा. फेटा बांधू नये. आत शोभतो, डेकवर वारा सुटला की तो गोव्याच्या दिशेला जातो.

औपचारिक रात्र म्हणजे काय, हे ज्यांना अजूनही कळत नसेल त्यांनी खंडेनवमी आठवावी. वर्षभर राखाडी-निळ्या गणवेशात दिसणारा टूल रूमचा माणूस त्या दिवशी झब्बा घालून येतो. क्वालिटीतल्या ताई नऊवारीत. सीएनसीच्या पॅनेलवर कुंकू, स्पिंडलजवळ झेंडूची माळ, नारळ फुटतो, पेढे. आणि या सगळ्या थाटाखाली सगळ्यांच्या पायांत सेफ्टी शूज, कारण पूजा असली तरी शॉप फ्लोअरवर बिनबुटाचं जाता येत नाही. क्रूझवर नेमकं हेच करावं. पैठणीखाली स्पोर्ट्स शूज घालावेत. बोट हलते, जिन्याला पितळी पट्ट्या असतात, आणि निऱ्यांखाली काय आहे हे विचारण्याची कॅप्टनची प्राज्ञा नाही. पिना मात्र भरपूर न्याव्यात. केबिनचा आरसा अरुंद आहे आणि पदर लावायला शेजारच्या काकू नाहीत. सिल्कची घडी घरून इस्त्रीवाल्याकडूनच करून आणावी. फोटोग्राफर मागे लागतात. फोटो काढणं फुकट, घेणं महाग.

गाऊनचा प्रश्न उरतो. गाऊनवर ओढणी घेतली की तो पूर्ण पोशाख होतो, असा आपल्याकडे सर्वमान्य संकेत आहे. या वेशात दूध आणता येतं, भाजीवाल्याशी भांडता येतं, मुलाला स्कूल बसमध्ये बसवता येतं, सोसायटीच्या वार्षिक सभेत मागच्या रांगेत उभं राहता येतं. बोटीवरच्या नाश्त्याला जाता येत नाही. पुरुषांनी खूश होऊ नये. बनियन, टॉवेल आणि ओला बर्मुडा यांनाही तीच मनाई आहे. ‘अहो, बघतंय कोण?’ या युक्तिवादाला इथे किंमत नाही, कारण हजारभर लोक बघत असतात आणि त्यांतले निम्मे पिंपरी-चिंचवडचे निघू शकतात.

आणखी एक. वेटरला मराठी कळत नाही असं समजून ‘काय हे, नुसतं उकडलंय’ असं मोठ्याने म्हणू नये. गोव्याचे तारवटी पिढ्यान्‌पिढ्या जगभरच्या जहाजांवर आहेत, रत्नागिरी-रायगडची मुलंही आहेत. तो हसून ‘मीठ आणू का काकू?’ म्हणाला की टेबलावर शांतता पसरते. अशा मुलाशी आधीच ओळख काढावी. गाव विचारावं, आडनाव विचारावं, दोन मिनिटांत नातं निघतं आणि तिसऱ्या रात्री सुशीच्या शेजारी लोणच्याची वाटी येते.

शेवटच्या रात्रीची सूचना सर्वांत महत्त्वाची, कारण तिचं पालन होत नाही. मोठ्या बोटींवर बॅगा मध्यरात्रीपूर्वी केबिनबाहेर ठेवायला सांगतात. सकाळी त्या थेट धक्क्यावर मिळतात. उत्साहात माणूस सगळं भरतो, चेन लावतो, बॅग बाहेर ढकलतो, आणि मग लक्षात येतं की अंगावर नाइट ड्रेस आहे आणि सकाळी दुसरं काही नाही. म्हणून एक जोड बाहेर ठेवा. सोमवारी सेकंड शिफ्ट असलेल्यांनी तो जोड गणवेशाचाच ठेवावा, कंपनीच्या आयकार्डासह. द्रुतगती मार्ग मोकळा मिळाला तर किवळ्याला उतरून दोनची कंपनीची बस मुकाई चौकात गाठता येते, आणि त्या दिवशीचं दुपारचं जेवण कॅन्टीनमध्ये तिकिटात आहे.