बिनखात्याचे मंत्री

महासाथीच्या काळात घरोघरी जे नमुने तयार झाले, त्यांत पहिला नंबर दक्ष गृहस्थाचा. वय पन्नाशीच्या आगेमागे, मुक्काम डोंबिवली, ठाणे किंवा कोथरूड, फ्लॅट दोन बेडरूमचा, हप्ते फिटत आलेले. २४ मार्च २०२० च्या रात्री, म्हणजे ऐन पाडव्याच्या आदल्या दिवशी, २१ दिवसांची टाळेबंदी जाहीर झाली तेव्हा तो सोफ्यावर बसलेला एक साधा नोकरदार होता. भाषण संपल्यावर उठला तो थेट घरचा आरोग्यमंत्री होऊन. शपथविधी झाला नाही, खातं कुणी दिलं नाही. तरी दुसऱ्या दिवशी गुढी उभारायच्या आत दाराजवळ चपलांची हद्द आखली गेली, सॅनिटायझरची बाटली देवघराशेजारी विराजमान झाली आणि “मला विचारल्याशिवाय कुणी दार उघडायचं नाही” असा पहिला वटहुकूम निघाला. त्याच दाराची बेल गेली वीस वर्षं वाजत होती आणि ती ऐकून हा गृहस्थ कधी जागचा हलला नव्हता, ही गोष्ट वेगळी.

त्याचा कारभार पाहायचा तर भाजी घरात येण्याचा मुहूर्त गाठावा. पिशवी तोच आणतो, कारण बाहेर पडायचा परवाना त्याने स्वतःकडे ठेवलेला असतो. लिफ्टचं बटण कोपराने दाबून, पिशवी उंबऱ्याबाहेर ठेवून तो हाक मारतो, “अगं, टब आण!” टब येतो. पाण्यात मीठ टाकायचं की खायचा सोडा, यावर उंबऱ्याच्या अलीकडून आणि पलीकडून चर्चा होते. मग कोथिंबिरीची जुडी काडीकाडीने सुटी होते, मेथी तीन पाण्यांतून निघते, केळ्यांना साबण लागतो, दुधाच्या पिशव्या नळाखाली आंघोळ करतात आणि कांदे-बटाटे बाल्कनीत दोन दिवस विलगीकरणात जातात. धुणारे हात अर्थातच दुसऱ्याचे. मंत्रिमहोदय दोन मीटरवरून “देठं राहिली बघ” एवढंच सांगतात, कारण बाहेरून आल्यामुळे त्यांनी कशालाही हात लावायचा नाही, हाही त्यांचाच नियम. घरातल्या आजी हे सगळं पाहून गालातल्या गालात हसतात. बाहेरून आलास की पाय धू, कपडे बदल, मगच स्वयंपाकघरात ये, हे त्या जन्मभर सांगत आल्या होत्या, आणि कॉलेजात असताना हाच मुलगा त्यांना सोवळ्याच्या खुळचटपणावर व्याख्यानं देत असे. सोवळं तेच राहिलं, धाबळीच्या जागी हातमोजे आले.

या माणसाची थट्टा सगळ्यांनी केली, पण निदान चुकलं. तो विषाणूला घाबरून असा वागला, असं सर्रास मानलं जातं. माझ्या मते त्याला खरी बाधा झाली होती ती पद गेल्याची. २३ मार्चपासून मुंबईची लोकल सामान्य प्रवाशांना बंद झाली आणि तिच्याबरोबर त्याची खिडकीजवळची जागा, डब्यातला ग्रुप, ऑफिसातलं टेबल, चहा आणून देणारा शिपाई आणि ‘साहेब’ ही हाक, सगळंच बंद झालं. उरलं घर, आणि घरातली सगळी खाती तर आधीच भरलेली. स्वयंपाक, गॅसचा नंबर लावणं, आजींच्या बीपीच्या गोळ्या, मुलांचा अभ्यास, वाण्याचा हिशेब, सगळ्याला वाली होता आणि तो हा नव्हता. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये, साथीच्या तोंडावरच, देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली होती. घरकामाला हात लावणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या आणि पुरुष ९७ मिनिटं. तेही मुळात हात लावणारे पुरुष. असे चारांत जेमतेम एक निघाले. म्हणजे ज्या संस्थानात हा गृहस्थ चोवीस तास अडकला, ते त्याच्यावाचून बिनबोभाट चाललं होतं. अशा वेळी माणसापुढे दोन वाटा असतात. असलेल्या खात्यात कुणाच्या तरी हाताखाली उमेदवारी करायची, नाहीतर नवं खातं काढायचं. उमेदवारीचं वय गेलेलं असल्यामुळे त्याने नवं खातं काढलं.

साथीत घर तपासणाऱ्या अधिकाऱ्याची महाराष्ट्राला जुनी ओळख आहे. १८९७ चा साथरोग कायदा मुंबई-पुण्याच्या प्लेगमधूनच जन्मला. घरात घुसून झडती घेणाऱ्या रँडच्या कारभारावर पुणं इतकं संतापलं की २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी त्याच्यावर गोळी झाडली. २०२० मध्ये तोच कायदा पुन्हा लागू झाला, पण या खेपेला झडती घेणारा साहेब बाहेरून आणावा लागला नाही. तो घरातच होता आणि दर दीड तासाने त्याला चहा लागत होता. ऑक्सिमीटर आल्यावर तर खात्याला सरकारी शिक्का मिळाल्यासारखं झालं. कणीक मळत असलेल्या बायकोचं बोट पुसून त्यावर ते चिमटं लावायचं आणि आकडा जुन्या डायरीत तारीखवार लिहायचा. ९८ आला की समाधान, ९६ आला की कपाळाला आठी. “अहो, पाण्यात हात होता, बोट गार पडलंय” असं तिने म्हटलं, तर तो खात्यातला हस्तक्षेप.

त्याचे नियम नेमके कुणाच्या अंगावर पडत होते, हे पाहिलं की हेतू उघडा पडतो. आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ आणि मनुका यांचा काढा सुचवला. मिरे चार घालायचे की सहा, हे ठरवणं मंत्र्यांकडे. कुटणं, उकळणं आणि पातेल्याचा काळा तळ घासणं दुसऱ्या कुणाकडे. सप्टेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम काढली, तेव्हा घोषणेचा पूर्वार्ध त्याने स्वतःकडे ठेवला आणि उत्तरार्ध घरात वाटून टाकला. सर्वांत बोलका पुरावा मात्र धुण्याभांड्याच्या मावशींचा. त्यांना सोसायटीच्या फाटकाआत घेऊ नये, असा ठराव कमिटीच्या ग्रुपवर मांडणाऱ्यांत तोच पुढे होता. मावशी चार घरं फिरतात, म्हणजे धोका चौपट, असं गणितही त्याने मांडलं. पुढे घरात पाळ्या लागल्या, रात्रीची भांडी त्याच्या वाट्याला आली, कुकरच्या झाकणात अडकलेली डाळ त्याने पहिल्यांदा नखाने काढली आणि मावशींपासूनचा धोका झपाट्याने ओसरला. रुग्णांचे आकडे त्या सुमारास चढतच होते.

यावर आक्षेप येणार, आणि तो हलका नाही. माणसं मरत होती, रोग नवा होता, डॉक्टरांनाही अंदाज नव्हता. अशा वेळी घाबरलेल्या माणसाला हसणं क्रूरपणाचं नाही का? भीतीला हसणं क्रूरपणाचंच. पण भीती तर घरातल्या सगळ्यांनाच होती. टबापाशी बसलेल्या बाईलाही होती, आणि तिने तिचं खातं काढलं नव्हतं. शिवाय खरा घाबरलेला माणूस नवी माहिती आली की ती अधाशासारखी घेतो, धोका कुठे जास्त आणि कुठे कमी ते समजून घेतो. आपल्या गृहस्थाचं उलटं. भाज्या स्वच्छ पाण्याने धुवा, साबण लावू नका, हे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने सांगून झालं होतं. केळ्यांचा साबण सुटला नाही. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने स्पष्ट केलं की दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागून संसर्ग होण्याची शक्यता साधारणपणे दहा हजारांत एकाहूनही कमी आहे. ही बातमी ऐकून घरातल्या इतरांना हायसं वाटलं, त्याला मात्र खातं गोठवल्यासारखं झालं. रोग हवेतून पसरतो, खिडक्या उघड्या ठेवा, असं तज्ज्ञ सांगत होते. याने जंतू आत येतील म्हणून त्या लावून घेतल्या. आणि संध्याकाळी फाटकापाशी हनुवटीला मास्क लटकवून, सोसायटीतल्या इतर तीन घरांच्या मंत्र्यांबरोबर, लोक मास्क कसे नीट लावत नाहीत यावर तो तावातावाने बोलत उभा असे. भीती माहितीप्रमाणे कमी-जास्त होते. अधिकार तसा होत नाही, तो राबवण्यासाठीच असतो.

दुसरा आक्षेप पुरुषवर्गाचा, आणि तो दुखावलेल्या स्वरात येतो. टाळेबंदीत आम्ही कामं केली नाहीत का, पदार्थ शिकलो नाहीत का? केली, आणि शिकले. केक कुकरमध्ये झाला, जिलबी घरी गाळली गेली, पाणीपुरीच्या पुऱ्या फुगल्या. पण त्या पाककृतींची पद्धत पाहावी. रविवार ठरवला जातो, व्हिडिओ तीनदा पाहिला जातो, “वेलची कुठे असते?” हा प्रश्न स्वतःच्याच स्वयंपाकघरात उभं राहून विचारला जातो, जिलबी होते, फोटो स्टेटसला जातो, अंगठे येतात. पाक सांडलेला ओटा मात्र कुठल्याच फोटोत सापडत नाही. हा समारंभ झाला. काम म्हणजे जे उद्याही असतं, परवाही असतं आणि ज्याचा कुणी फोटो काढत नाही. टाळेबंदीने पुरुषाला घरकामाची सवय लागली असती, तर ती नंतर दिसायला हवी होती. तीच पाहणी २०२४ मध्ये पुन्हा झाली. घरकाम करणाऱ्या बायकांची मिनिटं २९९ वरून २८९ वर आली, आणि पुरुषांची वाढण्याऐवजी ९७ वरून ८८ वर उतरली. बायकांचीही दहा मिनिटं वाचली हे खरं. पण ती नवऱ्याने उचललेली नाहीत, एवढं हिशेबावरून कळतं.

तिसरा आक्षेप मात्र मान्य करावा लागतो. एप्रिल-मे २०२१ च्या दुसऱ्या लाटेत याच गृहस्थांनी रात्ररात्र जागून बेडसाठी फोन फिरवले, रेमडेसिव्हिरसाठी औषधांच्या दुकानांपुढे रांगा लावल्या, शेजारच्या घरातले सगळे आजारी पडल्यावर त्यांच्या दाराला डबा लावला, लशीची नोंदणी सुरू होताच कोविनचं पान उघडून ओटीपीशी झुंज दिली. त्या दिवसांत ऑक्सिमीटरची ती हास्यास्पद डायरी डॉक्टरांनी फोनवर मागून घेतली आणि ती उपयोगी पडली. याचं श्रेय नाकारणं कोतेपणाचं होईल. पण यातून माझाच मुद्दा पक्का होतो. ज्या दिवशी त्याला खरं काम मिळालं, त्या दिवशी त्याचा जाच थांबला. बेड शोधणारा माणूस मेथीची पानं मोजत नाही. त्याचा स्वभाव वाईट नव्हता, अंगातली शक्ती रिकामी होती, आणि रिकाम्या शक्तीला घरात अधिकार गाजवण्यापलीकडे वाट माहीत नव्हती.

म्हणून हा नमुना साथीबरोबर संपला, असं समजून चालणार नाही. ऑफिसं उघडली, लोकल सुरू झाली, त्याला ‘साहेब’ ही हाक परत मिळाली आणि घरचं आरोग्य खातं एका रात्रीत बरखास्त झालं. पण तो घरी पुन्हा येणार आहे. राज्य सरकारच्या नोकरीत ५८ व्या वर्षी, केंद्राच्या ६० व्या वर्षी, हारतुरे आणि श्रीफळ घेऊन, आणि त्या वेळी टाळेबंदी उठण्याची तारीख नसेल. तेव्हा विषाणू नसला तरी फ्रिजमधल्या डब्यांची मांडणी असेल, विजेचं बिल असेल, सुनेने लावलेलं वॉशिंग मशीन असेल; खातं काढायला निमित्त पुष्कळ. घरच्यांनी तोवर थांबू नये. आत्ताच त्याला एक छोटं, रोजचं, बिनसमारंभाचं खातं कायमचं लावून द्यावं: रात्रीचा ओटा, आजींच्या गोळ्या, नाहीतर सकाळचा डबा. पहिले पंधरा दिवस ओटा ओला राहील, डब्यात चमचा नसेल, तिकडे दुर्लक्ष करावं. तो नीट करत नाही म्हणून काम परत घेतलं, तर तो पुन्हा बिनखात्याचा मंत्री होतो, आणि अशा मंत्र्याला लुडबुड करायला सगळं मंत्रिमंडळ मोकळं असतं.