नांदेड विमानतळाच्या हुजुरात देगलूरकराचा अर्ज

मेहेरबान विमानतळसाहेब, मुक्काम नांदेड, यांच्या सेवेशी देगलूरच्या एका रहिवाशाचा सविनय अर्ज ऐसाजे:

स्थानिक विमानतळ हा राज्याच्या अर्थव्यवस्थेचा आधारस्तंभ होय, असे सरकारदरबारी वारंवार प्रतिपादिले जाते. आणि ज्या गावी आजतागायत रेल्वेची शिट्टीही पोहोचली नाही, तेथील मनुष्याने या सिद्धांताविषयी शंका काढावी, हा उद्धटपणाच होईल. 2008 साली शिखांच्या गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीनिमित्त आपला कायापालट झाला, आणि पुढल्याच वर्षी लातूर, बारामती, यवतमाळ व उस्मानाबाद या भावंडांसह आपणही 95 वर्षांच्या कराराने एका खासगी कंपनीच्या हवाली झालात. निजामाच्या अमदानीतील वंशपरंपरागत इनामे पाहिलेल्या आमच्या मुलखास एवढ्या मुदतीचे काय नवल!

27 एप्रिल 2017 रोजी ‘उडान’ योजनेखाली हैदराबादचे विमान सुरू झाले, तेव्हा आम्हांस परमानंद झाला. मात्र देगलूर हे नांदेड-हैदराबाद रस्त्यावरच वसले असल्याने, या सुविधेचा लाभ घेऊ इच्छिणाऱ्याने प्रथम सुमारे 80 किलोमीटर उलट दिशेस जावे, आणि मग विमानात बसून परत दक्षिणेचाच रस्ता धरावा, असा भूगोलाचा हुकूम पडला. तूर-कापसाच्या मालमोटारींस ही चैन परवडत नाही. त्या आमच्या दारावरून थेट पुढे जातात.

उपहास बाजूस ठेवून कबूल करतो, की अमृतसरचे विमान येई तेव्हा यात्रेकरू येत, आणि त्यांच्यामागे रिक्षावाल्यापासून खानावळवाल्यापर्यंत चार पैसे सर्वांकडे खेळत. ही कमाई खरी होती. पण ‘उडान’खाली तोटा भरून देणारे अनुदान तीनच वर्षांचे, आणि हैदराबादची सेवा चालविणाऱ्या कंपनीनेच 2022 मध्ये गाशा गुंडाळला. आज आहे, उद्या नाही, अशा विमानाच्या भरवशावर कोणता व्यापारी पेढी थाटील, आणि कोणता कारखानदार जागा पाहावयास येईल? लातूरच्या धावपट्टीस हाच प्रश्न विचारावा. ती बिचारी 1991 पासून अनुभव घेत आहे.

सबब अर्ज की, देगलूरला नवा विमानतळ आम्ही मागत नाही. निदान दहा वर्षे ठरल्या वेळेस सुटेल असे एक विमान, आणि ते चुकणार नाही अशा बेताने देगलूरहून निघणारी एक एस.टी., एवढ्याच दोन गोष्टींची लेखी मंजुरी मिळावी, ही विनंती.



आपला,
एक देगलूरकर